आगाऊपणाचा परवाना

क्रिकेटच्या इंग्रजी कॉमेंटरीत ‘चीकी सिंगल’ हा शब्दप्रयोग कायम कानावर पडतो. फलंदाजाने चेंडू जेमतेम पायापुढे ढकललेला असतो, पॉइंटचा गडी हाकेच्या अंतरावर उभा असतो, तिथे धाव नसतेच मुळी. आणि तरी हे दोघे पळून पलीकडे पोचतात. वर त्या गड्याकडे बघून जरासे हसतातही. मराठीत आपण तिला ‘चोरटी धाव’ म्हणत आलो. शब्द छान रुळला, पण चोरी लपूनछपून होते. ही धाव तर भरल्या मैदानात, समोरच्याच्या नाकावर टिच्चून काढलेली असते. आणि ज्याच्या हातून ती निसटली तोही फारसा चिडत नाही. फार तर मान हलवतो. त्या मान हलवण्यात ‘चीकी’चा निम्मा अर्थ आहे असं माझं मत आहे.

हा शब्द आला गालावरून. ‘चीक’ म्हणजे गाल. जुन्या इंग्रजीत जबड्यालाही हाच शब्द होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर केव्हातरी बोलभाषेत ‘चीक’ म्हणजे मोठ्यांपुढे तोंड चालवायचं धाडस असा अर्थ रूढ झाला आणि त्यातून ‘चीकी’ निघाला. ओठ आणि तोंडही इंग्रजांनी याच कामाला जुंपलेत. ‘मला लिप देऊ नकोस’ म्हणजे उलट बोलू नकोस. आपल्याकडेही तोंड सुटतं, जीभ चुरुचुरु चालते, तिला हाड नसतं, कुणी तोंड वर करून बोलतं. गालांना मात्र आपण यात ओढलं नाही. आपले गाल रुसल्यावर फुगतात, नाहीतर गालातल्या गालात हसायला उपयोगी पडतात.

आपल्याकडे या वागण्याला शब्द कमी नाहीत. उद्धट, उर्मट, फटकळ, खवचट, कुजकट, तिरकस, आगाऊ, वात्रट, चावट, खट्याळ, द्वाड, इरसाल. गंमत अशी, की यातले बरेचसे शब्द म्हणणाऱ्याच्या आवाजावर चालतात. ‘आगाऊ आहेस’ हे शाळेतल्या बाई म्हणतात तेव्हा पालकांना बोलावणं येतं आणि आजी म्हणते तेव्हा हातावर वडी पडते. आजी तर ‘मेल्या’, ‘मुडद्या’, ‘गधडे’ असे शब्द वापरून लाड करते. माझ्या आजीने ज्याला कधी ‘मेल्या’ म्हटलं नाही, असा नातेवाईक तिच्या मनातून उतरलेला आहे हे आम्ही खुशाल समजून चालायचो. आणि ‘लबाड’ला ‘लब्बाड’ केलं की सगळा गुन्हा माफ. एका जास्तीच्या ‘ब’वर आख्खा खटला निकाली निघतो.

इंग्रजांचा ‘चीकी’ हा असा निकाली निघालेल्या खटल्याचा शब्द आहे. माफी आधी झालेली असते, मग तो तोंडातून येतो. मॅक्स मिलर (1894–1963) नावाचा त्यांचा एक विनोदी नट ‘चीकी चॅपी’ म्हणूनच प्रसिद्ध होता. भडक फुलाफुलांचा सूट घालून तो रंगमंचावर यायचा आणि खिशातून दोन वह्या काढायचा: एक पांढरी, एक निळी. पांढऱ्या वहीत सभ्य विनोद, निळीत चावट. कोणतीतून वाचू, असं तो प्रेक्षकांनाच विचारायचा. प्रेक्षक अर्थातच निळी म्हणायचे. पुढे जे काही तो बोले, त्याची जबाबदारी मग निम्मी समोरच्या खुर्च्यांवर. आपल्याकडच्या तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या असाच समोरच्या रांगेतल्या एखाद्या फेटेवाल्याला हाक मारून आधी त्याला हसवतो, आणि तो एकदा हसला की मग त्याला सोडत नाही.

आमच्या कंपनीत हा शब्द ईमेलमधून आला. मी नाशिकजवळ अंबडला एका कारखान्याच्या निर्यात विभागात आहे. इंग्लंडमधल्या एका ग्राहकाने लिहिलं होतं, ‘एक चीकी विनंती आहे, ड्रॉइंग गुरुवारऐवजी मंगळवारी मिळेल का?’ आमच्याकडे नुकतीच लागलेली सिन्नरची एक मुलगी तो मेल घेऊन माझ्या टेबलाशी आली. चेहरा उतरलेला. ‘मॅडम, हा आपल्याला काही बोललाय का?’ तिने शब्दकोश पाहिला होता आणि त्यात ‘उद्धट’ असं होतं. तिला वाटलं, आपल्याच मागच्या मेलला त्याने उद्धट म्हटलंय. मी म्हटलं, अगं, तो स्वतःला म्हणतोय. आपण नाही का म्हणत, ‘जरा आगाऊपणा करतोय, पण…’ तिला ते पटलं, पण पुढचा तिचा प्रश्न मला फार आवडला. ‘मग एवढा मोठा ग्राहक आपल्यापुढे लहान कशाला होतोय?’

तिने नेमकं धरलं होतं. ‘चीकी’ खालून वर जातो. पोराने बापाला, शागिर्दाने उस्तादाला, नवख्याने जुन्याला केलेली आगळीक. मोठा माणूस स्वतःच्या मागणीला ‘चीकी’ म्हणतो तेव्हा तो दोन पायऱ्या खाली उतरून पोराच्या जागी उभा राहतो, म्हणजे नाही म्हणणं आपल्याला अवघड जावं. ही इंग्रजांची जुनी हुशारी. हल्ली तर ते कशालाही हा शब्द लावतात. कामावरून घरी जाताना घेतलेला ग्लासभर बिअरचा घोट ‘चीकी पिंट’. 2015 मध्ये ‘चीकी नँडोज’ हा शब्दप्रयोग इंटरनेटवर इतका फिरला, की अमेरिकन लोक हैराण होऊन विचारत होते, चिकनच्या हॉटेलात जाण्यात आगाऊपणा तो कसला? (नँडोज ही मूळची जोहान्सबर्गची, 1987 साली सुरू झालेली साखळी.) इंग्रज जितकं समजावून सांगत तितका गोंधळ वाढे, आणि त्यांना तेच हवं होतं. नाशिकमध्ये डाएटवर असलेला माणूस रविवारी सकाळी ‘जरा पेपर घेऊन येतो’ म्हणून बाहेर पडतो आणि मिसळीच्या टेबलावर सापडतो, त्याला हा अर्थ समजावायची गरज पडणार नाही.

पण खरी गंमत मला कळली ती एका लग्नात.

गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. लाजाहोम चालला होता. भटजींनी मान वर करून विचारलं, ‘कानपिळीला कोण आहे?’ नवरीला सख्खा भाऊ नाही, म्हणून तिसरीतला एक चुलतभाऊ पुढे ढकलला गेला. नवा कुर्ता, गळ्यापाशी बटणं उघडी, हाताला आइस्क्रीमचा चिकटपणा. मागून मावश्यांचा गलका: ‘चांगला पीळ रे! ताईला त्रास दिला तर काय होतं ते कळू दे.’ नवरदेव बँकेत अधिकारी, अंगापिंडाने भक्कम. तो मुकाट खाली वाकला. पोराने आधी कानाची पाळी नुसतीच चिमटीत धरली, सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं, आणि मग पाण्याचा नळ बंद करावा तसा कान पिळला. नवरदेवाचा फेटा एका बाजूला कलला. कान लालबुंद. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं असेल तर वरमाई. पोराच्या हातात पाकीट आलं, आणि त्याने पाकीट खिशात घालता घालता विचारलं, ‘अजून एकदा पिळू?’

आता मात्र त्याच्या बापाने डोळे वटारले. परवाना एका पिळीचा होता. त्या तिसरीतल्या पोरालाही ते तत्क्षणी कळलं, तो मागे सरला.

त्याच लग्नात दुपारी ज्येष्ठांसाठी वेगळी पंगत बसली होती. वाढायला कंत्राटदाराची पोरं होती, अठरा-एकोणीस वर्षांची. माझ्या पलीकडे वरपक्षाकडचे एक काका बसलेले. जिलेबी आली, त्यांनी घेतली. पुन्हा आली, पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा त्यांनीच हाक मारून थांबवलं तेव्हा तो वाढपी पोरगा हसत म्हणाला, ‘काका, पुढच्या पंगतीलाही ठेवा की थोडी.’ मला हसू फुटलं. काकांचा चेहरा कडक झाला. ‘तोंड सांभाळून बोल. कोणाशी बोलतोयस?’ कंत्राटदार धावत आला, पोराला दंडाला धरून बाजूला घेतलं, ‘सॉरी म्हण’ झालं, पोराने सॉरी म्हटलं. जिलेबीचं ताट दुसऱ्याच्या हातात गेलं.

हेच काका तासाभरापूर्वी कानपिळीला टाळ्या पिटत होते. त्या पोराचं वाक्य तोलून पाहिलं तर कान पिळण्यापेक्षा कितीतरी सौम्य. हेच वाक्य नवरीकडच्या एखाद्या मेव्हणीने म्हटलं असतं तर काकांनी चौथीही जिलेबी घेतली असती आणि वर ‘भारी हजरजबाबी पोरगी’ अशी शिफारस केली असती. फरक वाक्यात नव्हता. पोराच्या खिशात परवाना नव्हता.

असा परवाना नात्यानात्यांत वाटलेला असतो, हे मानववंशशास्त्रज्ञांनी फार पूर्वी लिहून ठेवलंय. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी 1940 साली थट्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की काही नात्यांत एकाने दुसऱ्याची थट्टा करायला नुसती मुभा नसते, कधीकधी ती करावीच लागते. आणि दुसऱ्याने ती मनावर घ्यायची नसते. लग्नाने जवळ आलेल्या घराण्यांत प्रेमही हवं असतं आणि अंतरही राहतंच. या ओढाताणीवर थट्टा हा तोडगा. आपल्याकडे हे वाचायला पुस्तक उघडायची गरज नाही. धाकटा दीर वहिनीची चेष्टा करतो, मेव्हण्या जोडे लपवतात, आजोबा नातवाच्या ‘लग्नाचं’ बोलतात. सासरे आणि थोरले दीर आले की त्याच वहिनीचा आवाज खाली येतो. नव्या सुनेला सासरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या आधी हा नकाशा पाठ करावा लागतो. कुणी तो लिहून देत नाही.

कष्टकरी माणसाच्या विनोदाचं मात्र इंग्रजीतही असंच होत आलंय. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’च्या पहिल्याच प्रवेशात रोमचा एक चांभार दोन अधिकाऱ्यांशी कोट्या करतो, तुम्ही फाटला असाल तर तुम्हालाही शिवून देईन अशा थाटाच्या. तो अधिकारी भडकून त्याला ‘सॉसी’ म्हणतो. आज ‘सॉसी’ आणि त्याचं अमेरिकन भावंड ‘सॅसी’ हे कौतुकाचे शब्द झालेत. कॉलेज रोडला मुलींच्या टीशर्टवर ‘सॅसी’ चमकीच्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ती मुलगी तो टीशर्ट घालून बाहेर मिरवते, आणि घरी पाहुण्यांसमोर वडिलांचं एखादं वाक्य दुरुस्त करते तेव्हा तिला ‘उलट बोलते’ हे ऐकावं लागतं. तिच्या भावाने तेच केलं तर ‘वकील होणार हा’.

माणसांचं हे असं. देवाशी बोलताना आपण अधिक मोकळे आहोत. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरला दिंड्या निघतात, तेव्हा रस्त्याकडेला उभं राहून बायकांचं बोलणं ऐकावं. विठोबाला कुणी ‘अहो’ म्हणत नाही. जनाबाईने तर ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ अशी सुरुवात करून पुढे अशा काही शिव्या घातल्यात, की त्या घरातल्या माणसाला घालायची हिंमत होणार नाही. दळण दळणाऱ्या दासीने देवाला ‘विठ्या’ म्हणावं आणि सातशे वर्षं वारकऱ्यांनी ते भक्तीने गावं! आमच्या नाशकात गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या हनुमंताला ‘दुतोंड्या मारुती’ म्हणतात. त्याला दोन्ही बाजूंना तोंडं आहेत हे खरं, पण माणसाला ‘दुतोंड्या’ म्हणून पाहा. पावसाळ्यात पुराची पातळीही त्याच्याच अंगावर मोजतात: पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. बिचाऱ्याने कधी तक्रार केलेली नाही.

थट्टा अंगाशी आल्याची सगळ्यात मोठी गोष्टही आमच्याच गावची. नाशिकच्या नावाच्या दोन व्युत्पत्ती सांगतात. एक नऊ टेकड्यांची, ‘नाशिक नव टेकावरी वसविले’. दुसरी सगळ्यांना ठाऊक असलेली, शूर्पणखेच्या नाकाची. तपोवनात पर्यटकांना ती जागा दाखवतात, गाइड हाताने नाक कापल्याचा अभिनयही करतो. पण त्या प्रसंगाच्या आधी काय घडलं ते गाइड सांगत नाही. वाल्मीकींच्या अरण्यकांडात ते स्पष्ट आहे. शूर्पणखा पंचवटीत येऊन रामाला लग्नाची मागणी घालते. राम हसून म्हणतो, माझं लग्न झालंय, हा माझा धाकटा भाऊ बघ, तुला शोभेल. ती लक्ष्मणाकडे जाते. तो म्हणतो, मी तर दास, दासाची बायको होऊन काय करशील, त्यालाच धर. दोघे भाऊ चेंडू झेलावा तसं तिला इकडून तिकडे पाठवतात. आणि इथे वाल्मीकी तिच्यासाठी एक विशेषण वापरतात: ‘परिहासाविचक्षणा’. थट्टा न ओळखणारी. तिने प्रत्येक शब्द खरा मानला. थट्टा वाढत गेली, ती सीतेवर धावून गेली, आणि मग राम लक्ष्मणाला म्हणतो, असल्या क्रूर लोकांशी कधीही परिहास करू नये. त्यापुढचं नाक-कान प्रकरण सर्वश्रुत आहे.

चूक कोणाची, यावर कीर्तनकारांनी बोलावं. मला त्या विशेषणाचं नवल वाटतं. ती दुष्ट होती, विद्रूप होती हेही वाल्मीकी सांगतातच, पण नेमकी गोष्ट बिनसली ती तिला खेळ चाललाय हे कळलं नाही म्हणून. तिचं त्या दोघांशी कुठलंच नातं नव्हतं. दीर नाही, मेव्हणा नाही, गाव एक नाही, जमात एक नाही. परवाना कुणी दिला नव्हता आणि कुणी घेतलाही नव्हता.

नाशिककरांनी त्यावर एक दिवसापुरता उपाय मात्र शोधला आहे. रंगपंचमीला जुन्या नाशकात आणि पंचवटीत रहाडी उघडतात. जमिनीखाली बांधलेले हे पेशवेकालीन हौद वर्षभर बुजवलेले असतात. तिवंधा, शनि चौक, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी ते त्या दिवसासाठी उकरून, पूजा करून रंगाने भरतात. मग ‘धप्पा’ मारायचा, म्हणजे अंग सोडून रहाडीत अशी उडी घ्यायची की काठावरचे कोरडे लोकही भिजावेत. त्या दिवशी डॉक्टर असो की नगरसेवक, काठावर उभा राहिला म्हणजे त्याने परवानगी दिली असं धरून चालतात. पांढरा शर्ट घालून रहाडीपाशी यायचं आणि वर ‘कोणी ढकललं रे’ विचारायचं, हे चालत नाही. ज्याला भिजायचं नाही तो त्या बाजूला फिरकतच नाही.

मोबाइलमध्ये असा काठ दिसत नाही. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाकट्या काकांनी पांडवलेण्यावरचा फोटो टाकला, नवा ट्रॅकसूट, कमरेवर हात. भाचीने खाली लिहिलं, ‘काका, यंदा मिरवणुकीत पथकाला वेगळा ढोल नको.’ हे काका समोर असते तर त्यांनीच पोटावर थाप मारून ठेका धरला असता. ढेरीवरचे अर्धे विनोद त्यांचेच आहेत. भाचीच्या गालात दडलेलं हसू त्यांना दिसलं असतं. स्क्रीनवर नुसतं वाक्य दिसलं, तेही व्याह्यांच्या देखत, कारण ग्रुपमध्ये व्याही आहेत हे भाचीच्या लक्षात नव्हतं. काका ग्रुप सोडून गेले. मग फोनाफोनी, काकूंची मध्यस्थी, भाचीचं घरी जाऊन पाया पडणं. त्यांना परत घेतलं, पण तेव्हापासून रोज सकाळी पांडवलेण्याच्या नुसत्या पायऱ्यांचा फोटो येतो. पायऱ्या असतात, काका नसतात.

परवा भाचीने त्याखाली लिहिलं, ‘पायऱ्या बारीक झाल्यासारख्या वाटतायत.’ दोन्ही टिका निळ्या झाल्या. अजून तरी काका ग्रुपमध्ये आहेत.